डूलॅली टॅप : देवळालीचा ‘ताप’ इंग्रजीत कसा गेला?

एखाद्याचं डोकं फिरलंय असं सांगायला इंग्रज आजही ‘गॉन डूलॅली’ म्हणतात. ही डूलॅली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. जुन्या पलटणींत पूर्ण प्रयोग होता ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे ताप, अंगात भरतो तोच. हिंदुस्तानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी तो इथल्याच बोलीतून उचलला.

देवळालीला १८६१च्या सुमारास लष्करी छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे जमायचे आणि मुंबईहून बोटीने मायदेशी जायचे. अडचण वेळापत्रकाची होती. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारणपणे शरद ऋतूपासून मार्चपर्यंतच सुटत; उन्हाळा-पावसाळा टाळला जाई. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तो पुढचे पाच-सहा महिने अडकला! हत्यारं जमा झालेली, कवायत नावापुरती, अधूनमधून सामानाची तपासणी आणि एखादी लांब पायपीट. १९०० नंतरच्या दशकात हिंदुस्तानात शिपाई असलेले फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहिलंय की, इथे चांगल्या वर्तणुकीचे शिपाईही गुन्हे करून बसत आणि घरी जायच्या ऐवजी आधी तुरुंगात जात. काहींना गुप्तरोग जडून इस्पितळ गाठावं लागे. त्यांच्या मते हा शब्दप्रयोग तिथल्या कंटाळ्यातूनच आला.

‘उन्हाने वेड लागायचं’ हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं, पण मला ते अपुरं वाटतं. देवळाली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. देशावरच्या कितीतरी छावण्या तिच्याहून जास्त तापतात. तापाचा भाग मात्र खोटा नाही. हिवतापात ताप चढला की रोगी बरळतो, आणि मेंदूपर्यंत पोचणारा हिवताप माणसाचं भान पार घालवतो. बरळणारा तापकरी आणि रिकामपणाने बिथरलेला शिपाई, दोघांना एकच नाव चिकटणं अगदी साहजिक होतं.

उच्चाराचा प्रवासही बघण्यासारखा आहे. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावावं लागतं. इंग्रजीत हा ध्वनी नाही, म्हणून त्याचा ‘ल’ झाला. सगळा जोर मधल्या ‘ळा’वर गेला, तेव्हा आधीचं ‘देव’ आखडून ‘डू’ उरलं. ‘ताप’चा ‘टॅप’ झाल्यावर तर मूळ अर्थ ऐकणाऱ्याला कळायचा मार्गच उरला नाही, कारण इंग्रजीत टॅप म्हणजे टकटक किंवा पाण्याचा नळ. हळूहळू ते शेपूट गळून पडलं आणि एकटं ‘डूलॅली’ राहिलं. अर्थही सौम्य झाला: पूर्वी वेड लागलेला, आता नुसता चक्रम.

पहिल्या महायुद्धाच्या काळातली पत्रं किंवा शिपायांच्या आठवणी चाळताना हा शब्द शोधायचा असेल, तर एकाच स्पेलिंगवर विसंबू नका. कुठे एक एल असतो, कुठे दोन; शेवटी कधी आय, कधी वाय, कधी आयई; आणि मध्ये जोडरेघही आढळते.