आवळ्यातील फिनॉलिक संयुगांचे विश्लेषण

आवळा (फायलँथस एम्ब्लिका, जुन्या ग्रंथांत एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस) तुरट लागतो तो मुख्यतः टॅनिनांमुळे; टॅनिने ही फिनॉलिक, म्हणजे बेंझीन वलयाला हायड्रॉक्सिल गट जोडलेली, संयुगे होत. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोडींच्या कडा काळ्यानिळ्या पडतात. प्रयोगशाळेतील फेरिक क्लोराइडची कसोटी याच विक्रियेवर आधारलेली आहे. टॅनिने आणि त्यांच्याशी संबंधित गॅलिक अम्ल, एलॅजिक अम्ल, कोरिलॅजिन, चेब्युलॅजिक अम्ल इत्यादींची ओळख व मोजणी या विश्लेषणात केली जाते.

वाळवून दळलेल्या फळाचा अर्क पाणीमिश्रित मिथेनॉलात किंवा ७० टक्के ॲसिटोनात काढतात; टॅनिनांसाठी ॲसिटोन सरस ठरते. पाण्यात उकळल्यास जलविच्छेदी (पाण्याच्या विक्रियेने तुटणारी) टॅनिने फुटून गॅलिक अम्ल वाढते. म्हणून काढ्याचे आणि थंड अर्काचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडणे योग्य नव्हे.

एकूण फिनॉलिकांसाठी फोलिन-सिओकाल्ट्यू पद्धत रूढ आहे. ऑटो फोलिन व व्हिंटिला सिओकाल्ट्यू यांनी १९२७ मध्ये प्रथिनांतील टायरोसीन व ट्रिप्टोफेन मोजण्यासाठी तिचे अभिकर्मक (विक्रिया घडवून आणणारे रसायन) सुधारले. साका बसू नये म्हणून त्यात लिथियम सल्फेट घातले, ही त्यातली महत्त्वाची सुधारणा. सिंगलटन व रॉसी यांनी १९६५ मध्ये ते मद्यांसाठी बेतले. सोडियम कार्बोनेट घालताच पिवळा विद्राव हळूहळू निळा होतो. ही निळाई ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजून उत्तर गॅलिक अम्लाच्या तुल्यांकात, म्हणजे तितकीच निळाई देणाऱ्या गॅलिक अम्लाच्या प्रमाणात, देतात. परंतु अभिकर्मक केवळ फिनॉलांना ओळखत नाही. ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) व क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) शर्कराही त्याला निळे करतात. आवळ्यात नेमकी हीच अडचण येते. पॉलिव्हिनिल पॉलिपिरोलिडोनने टॅनिने काढून टाकून उरलेल्या विद्रावाचे मापन वजा करणे हा त्यावरचा एक उपाय.

आवळ्यात क जीवनसत्त्व किती, हा वाद यातूनच उभा राहिला. जुन्या भारतीय आहारतक्त्यांत १०० ग्रॅम फळात सुमारे ६०० मिग्रॅ. असा आकडा आहे. घोषाल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एम्ब्लिकॅनिन ए व बी ही टॅनिने वर्णन करून आवळ्याच्या ऑक्सिडीकरणरोधी गुणाचे श्रेय त्यांना दिले. २००९ मध्ये मजीद व सहकाऱ्यांनी या रचनांवर शंका घेतली. वर्णलेखात (घटक वेगळे करून मिळालेल्या आलेखात) एम्ब्लिकॅनिन म्हणून दाखवलेली शिखरे बीटा-ग्लुकोगॅलिन व म्युसिक अम्लाच्या गॅलेटची (गॅलिक अम्ल जोडलेल्या संयुगाची) असावीत, असे त्यांचे मत. याउलट २००६ मधील एका अभ्यासाने ऑक्सिडीकरणरोधी क्रियेचा मोठा वाटा ॲस्कॉर्बिक अम्लालाच दिला. प्रस्तुत लेखकाला २००९ चे रचनाविषयक आक्षेप अधिक ग्राह्य वाटतात. क जीवनसत्त्वाबाबत मात्र वाण, पक्वता व साठवण यांची नोंद नसलेला कोणताही एक आकडा स्वीकारू नये.

घटक वेगळे करण्यासाठी उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन (एचपीएलसी) वापरतात: सी-१८ स्तंभ (अठरा कार्बनांच्या साखळ्यांचे आवरण असलेला), अम्लयुक्त पाणी व ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल, मापन साधारण २७० ते २८० नॅनोमीटरला. गॅलेटांचे वर्णपट एकमेकांसारखे असल्याने केवळ धारणकाळावरून (घटकाला स्तंभातून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेवरून) नाव देणे धोक्याचे. वस्तुमान वर्णपटाची जोड हवी.

हिरड्यालाही हीच पद्धत लागू पडते. त्यात चेब्युलिनिक व चेब्युलॅजिक अम्ले ठळक असतात. जुन्नर व आंबेगावच्या डोंगराळ भागात गोळा होणारा बाळहिरडा कोवळाच वाळवलेला असतो. पक्व फळापेक्षा त्याचे घटक वेगळे येऊ शकतात, म्हणून नमुन्यावर फळाची अवस्था लिहिणे आवश्यक असते.