अपंग कला चळवळ

अपंग कला चळवळ : अपंगत्वाचा अनुभव हाच कलेचा विषय मानून आणि हक्कांच्या लढ्याशी थेट नाते ठेवून अपंग कलावंतांनी उभी केलेली चळवळ. तिचा जोर मुख्यतः ब्रिटनमध्ये, १९८० नंतरच्या दोन दशकांत दिसतो. ‘अपंग असूनही किती छान करतो’ हे कौतुक या मंडळींना टीकेपेक्षाही जास्त झोंबत असे.

चळवळीला वैचारिक आधार मिळाला तो अपंगांच्या एका संघटनेने १९७६ साली मांडलेल्या भूमिकेतून. शरीरातील उणीव वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे. माणूस अपंग होतो तो या अडथळ्यांमुळे, अशी ही भूमिका. चाकाच्या खुर्चीतला माणूस वर जाऊ शकत नसेल तर दोष त्याच्या पायांचा नव्हे, जिन्याचा. अपंगत्वाचे ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले. १९८० मध्ये नबील शाबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी ‘ग्रेआय’ ही अपंग नटांची नाटकमंडळी काढली.

मोठी ठिणगी पडली ती दूरचित्रवाणीवरील ‘टेलिथॉन’मुळे. तासन्‌तास चालणाऱ्या या कार्यक्रमात अपंगांची केविलवाणी चित्रे दाखवून देणग्या गोळा केल्या जात. १९९० आणि १९९२ साली बार्बरा लिसिकी, ॲलन होल्ड्सवर्थ आदी अपंग कलावंतांनी लंडनमधील स्टुडिओसमोर निदर्शने केली. काळ्या टी-शर्टवर गुलाबी अक्षरांत घोषणा होती : ‘दयेवर मुता’. शिल्पकार टोनी हीटन यांनी देणगीच्या डब्यांचा उंच मनोरा रचला आणि कृत्रिम पाय फेकून तो पाडला. १९९२ नंतर टेलिथॉन पुन्हा झाला नाही. भेदभावविरोधी कायदा १९९५ मध्ये आला, पण आंदोलकांच्या मते तो अगदीच दुबळा होता.

गायक इयन ड्युरी (१९४२–२०००) यांची आठवण इथे ओघानेच येते. लहानपणी पोलिओ झालेले ड्युरी चित्रकलेचे विद्यार्थी होते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे अपंग वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा त्यातील उपकाराचा सूर त्यांना खटकला आणि त्यांनी ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ हे खवचट गाणे केले. बीबीसीने ते वाजवण्यावर बंधने घातली. ड्युरींच्या निधनानंतर, २०१२ मध्ये, लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात ग्रेआयच्या कलावंतांनी तेच गाणे भर मैदानात सादर केले. समारंभाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होत्या ग्रेआयच्या कर्णबधिर प्रमुख जेनी सीली.

अशा कलावंतांच्या मृत्युलेखांत आजाराचे वर्णन सविस्तर येते, कामाचे मात्र दोन ओळींत उरकते. हीटन यांच्या पुढाकाराने चळवळीचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला, त्याची गरज यातूनच कळते. ‘शेप आर्ट्स’ या संस्थेने हाती घेतलेल्या या संग्रहाचे दालन इंग्लंडमधील हाय वायकम येथील विद्यापीठात आहे. कलाकृतींच्या बरोबरीने पत्रके, छायाचित्रे आणि ते टी-शर्टही जपले आहेत.