गर्भनिरोधक गोळ्यांचे यकृतावरील विरळ दुष्परिणाम

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या संयुक्त गोळ्यांमुळे क्वचित उद्भवणारे यकृतविकार. नागपुरात सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळणारी ‘माला-एन’ याच गटातली आहे. तिच्या पाकिटातील 21 गोळ्यांत प्रत्येकी 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल व 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते; उरलेल्या 7 लोहाच्या. सुरुवातीच्या काळातील गोळ्यांत इस्ट्रोजेनची मात्रा याच्या कित्येक पट होती.

यांतला ओळखायला सर्वांत अवघड विकार म्हणजे पित्त तुंबणे. इस्ट्रोजेनमुळे यकृतपेशींतून पित्तक्षार बाहेर पडण्याचे काम मंदावते. आधी खाज सुटते, मग लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. त्रास बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसतो आणि गोळी थांबवल्यावर हळूहळू ओसरतो. गरोदरपणात अशीच खाज व कावीळ झालेल्या स्त्रियांना धोका अधिक.

विदर्भात हे निदान सहज निसटू शकते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचे डोळे रक्तपेशी फुटल्यामुळे एरवीही पिवळसर असतात, आणि पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळ असतेच. सिकलसेलमध्ये अप्रत्यक्ष बिलिरुबिन, म्हणजे यकृताने प्रक्रिया करण्याआधीचे पिवळे रंगद्रव्य, वाढते. पित्त तुंबल्यास प्रत्यक्ष, म्हणजे प्रक्रिया झालेले, बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढते. पण तपासणीआधी गोळीचा उल्लेख तर व्हायला हवा! आशाताईंनी घरी आणून दिलेली गोळी पुष्कळ जणी औषधात धरतच नाहीत. त्यामुळे नागपुरातील सरकारी रुग्णालयांत, मेडिकल असो वा मेयो, ‘कुटुंबनियोजनाची गोळी घेता का?’ असे स्पष्टच विचारावे लागते.

यकृतातील अ‍ॅडिनोमा या साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, गाठीचा गोळीशी असलेला संबंध 1973 साली पुढे आला. अनेक वर्षे गोळी घेणाऱ्यांत तिचे वार्षिक प्रमाण लाखात 3 ते 4, तर न घेणाऱ्यांत दहा लाखांत सुमारे 1 इतके सांगितले जाते. गोळी बंद केल्यावर ही गाठ अनेकदा आकसते; 5 सेंटिमीटरहून मोठी गाठ मात्र फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. यकृताच्या शिरांत गुठळी होऊन पोटात पाणी साचणे, म्हणजे बड-कियारी विकार, त्याहून विरळ.

अ‍ॅडिनोमा किंवा बळावलेला सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कठीण होणे) असल्यास संयुक्त गोळी देत नाहीत. तीन महिन्यांचे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शनही शक्यतो टाळतात. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीत संप्रेरक नसते, तरी नुकतीच कावीळ झालेल्या स्त्रीला तीही देत नाहीत. तांबीला यकृताची अशी कोणतीच अट नाही.