मनी कुणाची?

संध्याकाळी सात वाजता राजारामपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी हाक मारतो, "मने!" मनी फ्रिजवर बसलेली असते. मान वळत नाही, शेपूट हलत नाही. फक्त डावा कान माझ्या दिशेनं फिरतो आणि पुन्हा जाग्यावर जातो. २०१३ साली जपानमधल्या दोन संशोधकांनी २० पाळीव मांजरांना मालकाच्या आणि परक्या माणसांच्या हाका ऐकवल्या होत्या. मालकाचा आवाज मांजरांना ओळखू येत होता, कान आणि डोकं हलवून ती तेवढं दाखवतही होती. उठून मात्र सहसा कुणी आलं नाही. ते वाचल्यापासून मी कानावर समाधान मानतो.

दीड वर्षापूर्वी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटखाली ती सापडली. आम्ही तिला 'दत्तक घेतली' असं सगळ्यांना सांगितलं. दत्तक हा शब्द कोल्हापूरकरांना वजनदार वाटतो, कारण संस्थानचा इतिहासच दत्तकविधानांवर उभा आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. दत्तक म्हणजे नाव बदलतं, घर बदलतं, जबाबदारी अंगावर येते. मनीनं यातलं फक्त घर घेतलं.

आजीला तर हा शब्दच पटला नाही. तिच्या शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात कायम एक मांजर असायचं, पण "आमच्यात कोण आणलं न्हाई, आपलं आपणच आलंय," असं ती सांगायची. ते मांजर सकाळी आमच्याकडं, दुपारी शेजारच्या माळ्यावर आणि रात्री पलीकडच्या गल्लीत असायचं. तीन घरांत त्याला तीन नावं होती. पिलं झाली की मांजरी त्यांना तोंडात धरून सात घरं फिरवते, असं म्हणतात. आमच्याकडं कधी पोत्यांमागं, कधी अडगळीत बिऱ्हाड पडायचं. कुणी हाकलत नव्हतं, कुणी मुद्दाम घालतही नव्हतं. घरात ज्वारीची कणगी होती, म्हणून उंदीर होते, म्हणून मांजर होतं.

हा व्यवहार आजीच्या घरापेक्षा फार जुना आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, कोठारांत उंदीर आले आणि त्यांच्यामागून रानमांजर आलं. जगातल्या घरमांजरांचं मूळ या आफ्रिकी रानमांजरात आहे, हे २००७ साली ९७९ मांजरांच्या जनुकीय तपासणीतून पुढं आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे कुणीतरी होडीत घालून ते नेलं असणार. आपल्याकडं सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोच्या एका विटेवर मांजराची आणि कुत्र्याची पावलं उमटलेली आहेत. वीट ओली असताना कुत्रा मांजराच्या मागं लागला असावा, असा अंदाज आहे. गल्लीतलं भांडण तेव्हाही हेच होतं म्हणायचं.

कुत्रा कळपातला प्राणी. त्याला मोरक्या लागतो, तो त्यानं माणसात शोधला. मांजराचा पूर्वज एकटा शिकार करणारा, स्वतःची हद्द राखणारा. त्याला कुणी औताला जुंपलं नाही की राखणीला बसवलं नाही. उंदीर धरायला शिकवायची गरजच नव्हती, म्हणून आज्ञाधारक पिल्लं निवडून त्यांची वीण वाढवण्याचा खटाटोप हजारो वर्षं कुणी केला नाही. मांजरांच्या बहुतेक जाती गेल्या दीडेकशे वर्षांतल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजरांचं प्रदर्शन १८७१ सालचं. त्यातही निवड झाली ती केसांची, रंगांची.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना चित्ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. शिकारीसाठी चित्ते पाळण्यात हे संस्थान नावाजलेलं होतं. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले गेले. चित्ता पकडायचा तो मोठा झालेला, आईकडून शिकार शिकलेला. मग चित्तेवान दिवसरात्र त्याच्याजवळ राहायचा, डोळ्यांवर टोपी चढवायचा, माणसांच्या गर्दीची सवय लावायचा. चित्ता माणसाच्या सांगण्यावर काळविटावर सुटायचा, पण बंदिवासात त्याला पिलं होत नसत. जहांगीर बादशहानं केलेली एक नोंद तेवढी अपवाद. त्यामुळं प्रत्येक पिढी रानातून धरून आणावी लागे. मांजराचं नेमकं उलट. सांगितलेलं एकही काम ते करत नाही आणि पिलं मात्र आपल्याच कपाटात घालतं. या दोघांत माणसाळलेलं कोण, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

एकदा मात्र सरकारदरबारी मांजराचं वजन वाढलं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढं कोल्हापुरातही पोचला आणि लोकांना गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावं लागलं. उंदरांवरच्या पिसवांतून रोग पसरतो हे उमगायला वेळ लागला. अमरावतीत काम करणारे डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांचं म्हणणं होतं की ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी. १९०८ साली त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आता माहीत आहे, त्यामुळं तो सल्ला आज कुणी देणार नाही. पण आडवं गेलं की अपशकुन मानल्या जाणाऱ्या प्राण्याची बाजू कुणीतरी घेतली होती, याचं मला बरं वाटतं.

दार बंद करून मांजर घरात ठेवणं ही अगदी अलीकडची गोष्ट, आणि तिचं मोठं कारण चक्क माती आहे. पूर्वी मांजर घरात कोंडलं तर टोपल्यात राख किंवा वाळू ठेवत. राख पायाला लागून घरभर व्हायची. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लो नावाच्या तरुणाकडं शेजारीण वाळू मागायला आली, तेव्हा त्यानं तिला तेल शोषून घेणारी दाणेदार माती दिली. ती आपली मुलतानी मातीच्या जातीची. तिथून लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवायच्या मातीचा, धंदा उभा राहिला. गोळे धरणारी बेंटोनाइटची माती १९८० च्या दशकातली. खाण्याचंही तसंच. टॉरिन हा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो; तो कमी पडला की डोळे किंवा हृदय जातं. हृदयाचं कारण १९८७ साली कळलं आणि कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. उंदराशिवाय जगणारं मांजर तेव्हा कुठं नीट शक्य झालं.

म्हणजे आमच्या मनीसाठी कणगी गेली, उंदीर गेले, गल्ली गेली. शरीराला त्याचा पत्ता नाही. पहाटे पाचला ती माझ्या पायाच्या अंगठ्यावर झडप घालते, कारण तिच्या पूर्वजांची शिकारीची वेळ हीच. दिवसातून आठ-दहा वेळा चिमूटभर खाते, कारण एक उंदीर म्हणजे एवढंच जेवण. गॅलरीला जाळी मारल्यापासून कबुतरांकडं बघून दात कटकटवते. याला लोक मिजास म्हणतात. मला ते ड्युटीवरून न काढलेल्या शिपायासारखं वाटतं. माझं काम एवढंच की उंच जागा मोकळी ठेवायची, रोज दोन वेळा दोरीला पीस बांधून पळवायचं आणि ती झोपली असताना उचलायची नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र अजूनही कोल्हापूर आडवं येतं. रविवारी पाहुणे तिच्यापुढं रस्स्यातली फोड टाकायला जातात. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, हे सांगितलं की माझ्याकडंच संशयानं बघतात. तिच्यासाठी मटणाचे दोन तुकडे बिनमिठाचे वेगळे शिजतात, यावर घरात बोलणी खाऊन झाली आहेत.

गेल्या महिन्यात आत्ती आली. येताना गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं दूध घेऊन आली. "मांजराला दूध न्हाई? कसली माणसं रं तुम्ही!" मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात, हे मी सांगेपर्यंत वाटी खाली ठेवून झाली होती. मनी फ्रिजवरून उतरली, वाटी हुंगली. मग पुढच्या पंजानं फरशी खरवडून, वाटीवर नसलेली माती ओढून, शिस्तीत ते दूध पुरलं आणि परत वर जाऊन बसली. आत्ती थोडा वेळ बघत राहिली. मग वाटी उचलून तिनं ते दूध चहाला वापरलं.