पार्सलवाला आणि शेअरवाली

बँकेतून निवृत्त झालो, तरी सोसायटीतली मंडळी मोबाईल घेऊन माझ्याच दारात येतात. 'काका, जरा हे बघता का?' आणि हल्ली ऑनलाइन ओळख झालेल्या बाईबद्दल मागोमाग ठरलेलं वाक्य: 'पण तिने पैसे मागितलेच नाहीत हो!'

या वाक्याचा मला आता वीट आलाय. ऑनलाइन प्रेमाच्या दोन फसवणुकी आहेत. पहिलीवरून शिकलेला धडा, 'पैसे मागितले तरच फसवणूक', लोक दुसरीला लावतात आणि तिथेच बुडतात.

पहिला पार्सलवाला. तो तुम्हाला ठाऊक आहे. लंडनचा डॉक्टर, जहाजावरचा इंजिनिअर, नाहीतर सीरियात अडकलेला अमेरिकन सैनिक. लग्नाच्या साइटवर ओळख, महिनाभर गोडगोड, मग दागिने आणि पाउंड भरलेलं पार्सल निघतं ते दिल्ली विमानतळावर अडकतं. 'कस्टम्स'मधून बाईंचा फोन: पस्तीस हजार भरा. मग दंड, मग कसलंसं प्रमाणपत्र. यावर जास्त शब्द खर्च करत नाही. कस्टम्स ड्युटी कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात भरायची नसते. कस्टम्सच्या खऱ्या पत्रव्यवहारावर 'डिन', म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, २०१९ पासून, आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्स सांभाळणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर तपासता येतो.

आता शेअरवाली. (शेअरवालाही असतो.) सुरुवात बहुतेक वेळा चुकून आलेल्या मेसेजने. 'सॉरी, नंबर चुकला.' मग गप्पा, जेवणाचे फोटो, 'झोप झाली का नीट?' पैशाचा विषय आठवडेच्या आठवडे नाही. मग एक दिवस सहज कळतं की तिचा मामा ट्रेडिंगमध्ये मुरलेला आहे. 'मला काही नको, तू तुझ्याच नावाने कर, मी शिकवते.' याला चिनी भाषेत 'शा झू पान' म्हणतात, म्हणजे डुकराला खाऊ घालून मग कापणं. २०२४ च्या डिसेंबरात इंटरपोलने हा शब्द वापरू नका असं सांगितलं. मला ते शंभर टक्के पटतं. ज्याला तुम्ही डुक्कर म्हणाल, तो पोलिसांत कशाला येईल?

पार्सलवाल्याच्या गोष्टीत माणूस खोटा असतो. शेअरवालीच्या गोष्टीत मोबाईलच्या पडद्यावरचं ट्रेडिंग ॲपच खोटं असतं. लोक मात्र तपासत बसतात माणसाला. व्हिडिओ कॉल केला, चेहरा दिसला, मराठी नाही पण हिंदी चांगलं बोलते, झाली खात्री! अहो, कॉलपुरता चेहरा भाड्याने मिळतो, आता तर संगणकावर बदलताही येतो.

कोथरूडचे एक गृहस्थ. विधुर, निवृत्त इंजिनिअर, रिक्षाचे दोन रुपये जास्त गेले तरी हिशेब मागणारे. असा माणूस पार्सलला कधीच फसला नसता. पार्सलमध्ये पैसे द्यावे लागतात आणि द्यायचे म्हटलं की पुणेकर जागा होतो. इथे ते मला ठणकावून म्हणाले, 'मी दिले कुठे? गुंतवलेत. हे बघा, माझ्याच खात्यात आहेत.' ॲपमध्ये बारा लाखांचे एकोणीस झालेले दिसत होते.

मी म्हटलं, 'शेअर घेतलेत ना? मग सीडीएसएल नाहीतर एनएसडीएलचा मेसेज दाखवा.'

खरा शेअर दलालाच्या ॲपमध्ये राहत नाही, तुमच्या डीमॅट खात्यात राहतो, आणि ते खातं या दोघींपैकी एका डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, असतं. म्हणजे ॲप सोडून तिसरं कोणीतरी साक्षीला असतं. त्यांच्याकडे असं कोणी नव्हतं. आयपीओसुद्धा, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, 'लागला' होता म्हणे. खऱ्या आयपीओत वाटप होईपर्यंत रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवलेली असते. यांनी ती बँकेतून आरटीजीएसने पाठवली होती, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात: कधी ट्रेडर्स, कधी एंटरप्रायझेस. एकाच दलालाची पाच खाती, पाच गावांत? काउंटरवर बसून असे फॉर्म पाहिलेल्या माणसाला यापुढे ॲप उघडायचीही गरज नसते.

'पण मी दहा हजार काढून पाहिले. आले की!'

हे दहा हजार म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. शिवाय ते बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्याचे असतात. त्याने तक्रार केली, की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि तुमचीच रक्कम गोठते. पेन्शनचं खातं असेल तर बघायलाच नको. ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी तीस टक्के टॅक्स भरा'. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण सरकारला भरतो, दलालाला नव्हे. क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे हे खरं, पण विक्रीच्या वेळी कापला जातो तो एक टक्का टीडीएस, आणि तो त्याच रकमेतून. स्वतःचेच पैसे सोडवायला वरून पैसे मागणारा कर या देशात नाही.

आणि कृपा करून 'ओटीपी कोणाला सांगू नका' हे दर वेळी फॉरवर्ड करू नका. इथे कोणी ओटीपी चोरत नाही. माणूस स्वतः बँकेत जाऊन, चष्मा लावून, सही करून पैसे पाठवतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेली 'कामकाजाच्या तीन दिवसांत कळवा, नुकसान शून्य' ही तरतूद इथे लागू पडत नाही. ती तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे.

कळल्याक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत अडवता आले तरच मिळतात. हिंजवडी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते, कोथरूड पुणे शहरात, यावर चर्चा नंतर करा. हद्द कोणतीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय.

ते गृहस्थ फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, 'तिला एकदा सांगून मग करतो. तिचेही पैसे अडकलेत त्यात.' मी १९३० स्वतः लावला आणि त्यांना एवढंच म्हटलं, की तिला कळवू नका आणि तिचं एकही बोलणं पुसू नका. ते म्हणाले, 'पुसणार नव्हतोच.'