स्टिकर ८० सीसीचं, इंजिन ६६चं

सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात बसणारं छोटं टू-स्ट्रोक इंजिन हाती आलं, तर स्टिकरवरच्या आकड्यावर जाऊ नका. '८० सीसी' म्हणून खपणारी कितीतरी इंजिनं प्रत्यक्षात ६६ सीसीची असतात. हेड उघडून व्हर्निअर लावला की भांडण मिटतं. सिलिंडरचा व्यास ४७ मिमी आणि पिस्टनची धाव ३८ मिमी असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले धाव, भागिले १०००, म्हणजे ६५.९ घनसेंमी, अर्थात सीसी. धाव तीच पण व्यास ४० असेल, तर ४७.८. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं, त्यामुळे चुकीचा पिस्टन मागवला जाणं अगदी सोपं. चाक फिरवणारा रोलर थेट पुढच्या चाकावर टेकलेला असेल, तर मात्र ते १९४६ पासून विकल्या गेलेल्या व्हेलोसोलेक्स या फ्रेंच मोपेडच्या कुळातलं समजावं.

आता आतलं पाहू. १८९१ साली जोसेफ डे यांनी पेटंट घेतलेली युक्ती इथे अजून चालू आहे: क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पंप. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. तो खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढतं. अशा जागी ऑइल साठवून ठेवणार कुठे? म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. २५:१ प्रमाण धरलं, तर लिटरमागे ४० मिली. 'दोन थेंब जास्त, तेवढंच बरं' हा हिशेब मात्र पूर्ण खरा नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं.

पंप म्हटलं की गळती आलीच. माझं इंजिन एकदा थ्रॉटल सोडला तरी तडतडत पळत राहिलं. दोन संध्याकाळी मी कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसलो. शेवटी इनटेकच्या जोडाभोवती ग्रीस फासलं, आणि आवाज लगेच खाली बसला. गॅस्केट फाटलं होतं. अशी चोरून शिरलेली हवा मिश्रण पातळ करते, पिस्टन तापतो आणि शेवटी जाम होतो. क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील जुनं झालं की तिथूनही हेच होतं, फक्त ते दिसत नाही.

प्लग काढून बघायची सवय लावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काळं-ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरं पडलं असेल तर गाडी तिथेच थांबवा.

थरथरीने नट सैल होतात. हेडचे, फ्रेमच्या क्लॅम्पचे आणि मागच्या स्प्रॉकेटचे अधूनमधून कसावेत. हळूहळू दम कमी होत गेला, तर आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमध्ये डोकवा. तिथला कार्बन लाकडी काडीने खरवडा, पण त्याआधी चाक फिरवून पिस्टन वर आणा, म्हणजे पोर्ट झाकलं जाईल आणि खपल्या आत पडणार नाहीत.