कापलेला ऑइल फिल्टर आणि प्रयोगशाळेचा अहवाल

गाडीचे इंजिन ऑइल बदलताना काढलेला जुना फिल्टर बहुतेकदा थेट कचऱ्यात जातो. काही चौकस मालक तो कापून आतला कागद पाहतात, आणि काही जण ऑइलचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवतात. दोघांचा हेतू एकच असतो, तो म्हणजे इंजिन न उघडता त्याच्या पोटात काय झिजते आहे याचा अंदाज घेणे. हेतू एक असल्यामुळे या दोन तपासण्या एकमेकींच्या जागी चालतील असे सहज धरले जाते: अहवाल चांगला आला, मग फिल्टर कशाला कापायचा, किंवा फिल्टर स्वच्छ निघाला, मग अहवालावर खर्च कशाला. या समजुतीत मोठी गल्लत आहे. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या आकारमानाचे कण पाहतात, आणि एकीला जे ठळक दिसते ते दुसरीच्या नजरेतून बहुतांशी निसटते.

डब्यासारखा, आटे फिरवून बसवायचा फिल्टर घेतला तर ऑइल त्याच्या बुडाच्या कडेला असलेल्या लहान छिद्रांतून आत शिरते, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत झिरपते आणि मधल्या आट्यांच्या छिद्रातून इंजिनाकडे परतते. म्हणून अडकलेला सगळा ऐवज घड्यांच्या बाहेरच्या बाजूला, खोबणीच्या तळाशी बसलेला असतो. मोटारींचे सर्वसाधारण फिल्टर २० ते ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठे कण चांगले अडवतात. त्याहून बारीक कणांपैकी बरेचसे कागदातून पार होऊन ऑइलबरोबर फिरत राहतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या आसपासचा कण जेमतेम ओळखू येतो. म्हणजे कापलेल्या फिल्टरमध्ये जे दिसते ते इंजिनाच्या मोजपट्टीवर अवाढव्यच म्हटले पाहिजे.

प्रयोगशाळेतला वर्णपटमापक नेमका याच्या उलट टोकाला काम करतो. ऑइलचा फवारा हजारो अंश तापमानाच्या आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडला जातो, त्यात प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो आणि त्या प्रकाशावरून धातूचे प्रमाण दशलक्षांश भागांत, म्हणजे पीपीएममध्ये, मोजले जाते. ही पद्धत अतिशय संवेदनशील आहे, परंतु ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण एक तर ज्वालेपर्यंत पोहोचत नाहीत किंवा पुरते जळत नाहीत, आणि म्हणून मोजले जात नाहीत. ८ ते २० मायक्रॉनच्या दरम्यानची पट्टी तर दोन्ही तपासण्यांच्या हातून निसटते. तिच्यासाठी लोहकण मोजण्याच्या निराळ्या चाचण्या आहेत, पण खासगी गाडीसाठी त्या क्वचितच करून घेतल्या जातात.

हा फरक किती मोठा आहे ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, पोलादाची एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाड अशी चकती कुठून तरी सुटली. तिचे वजन सुमारे ०.८ मिलिग्रॅम भरेल. इंजिनात चार लिटर ऑइल असेल तर त्याचे वजन साधारण ३.४ किलो होते. ती चकती पूर्णपणे विरघळून ऑइलमध्ये मिसळली असे जरी मानले, तरी लोखंडाचा आकडा पाव पीपीएमनेही वाढत नाही. अहवाल पूर्ण आकड्यांत येत असेल तर २० चे २० च राहतात. तीच चकती फिल्टरच्या कागदावर मात्र पहिल्या दृष्टिक्षेपात डोळ्यात भरते. आता उलट बाजूने पाहू. लोखंड २० पीपीएम आहे याचा अर्थ त्या ऑइलमध्ये ६८ मिलिग्रॅम लोखंड तरंगते आहे. ते तसल्या ८० हून अधिक चकत्यांच्या वजनाचे असूनही इतके बारीक असते, की कागदावर त्याचा मागमूस लागत नाही.

यावरून कोणता बिघाड कुठे दिसेल हे बरेचसे ठरते. एअर फिल्टरच्या कडेने धूळ आत जात असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती पॉलिश कागदाने घासल्यासारख्या हळूहळू झिजतात. अहवालात सिलिकॉन आणि लोखंड जोडीने चढत जातात आणि फिल्टर मात्र निष्पाप दिसतो. याउलट कॅमचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या उंचवट्याचा, पृष्ठभाग खवले पडून सुटू लागला किंवा बेअरिंगचा थर पापुद्र्यांनी निघू लागला, तर कण सुरुवातीपासूनच मोठे असतात. अहवाल शांत राहतो आणि खबर फिल्टर देतो. सावकाश होणारी झीज अहवालात लवकर उमटते, तर तुकडे पडणे फिल्टरमध्ये, आणि रस्त्यात इंजिन बंद पाडणारे बिघाड बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांमध्ये साधारण दर ५० तासांनी ऑइल बदलताना फिल्टर कापून पाहणे हा नेहमीच्या देखभालीचाच भाग मानला जातो, आणि शेजारी प्रयोगशाळेचा अहवाल असला तरी ते काम वगळले जात नाही.

फिल्टर कापताना एक चूक टाळलीच पाहिजे, आणि ती मी स्वतः केलेली असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो. माझा पहिला फिल्टर मी वाइसमध्ये पकडून करवतीने कापला. कागद उलगडला तेव्हा घड्यांवर चांदीसारखा कीस पसरलेला होता आणि इंजिन संपले अशीच माझी खात्री झाली. भिंगातून पाहिल्यावर लक्षात आले, की कीस फक्त कापलेल्या कडेजवळ होता, त्याचे कण गोल वळलेले होते आणि काहींना डब्याचा बाहेरचा रंग चिकटलेला होता. तो सगळा करवतीने पाडलेला पत्रा होता. फिल्टर कापण्यासाठी चाकाचे पाते असलेले वेगळे कटर मिळते; ते डब्याभोवती फिरवत हळूहळू आवळले की पत्रा कीस न पाडता कापला जातो. आत नुसता कागदी गाभा असलेल्या फिल्टरला याची गरज पडत नाही.

डबा उघडल्यावर कागद टोकांच्या चकत्यांपासून धारदार सुरीने सोडवावा, लांब पट्टी करून रात्रभर निथळू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी तिरप्या उन्हात किंवा विजेरीच्या तिरप्या झोतात एकेक घडी उघडून पाहावी. ओल्या कागदावर ऑइलचेच थेंब चमकतात आणि ते धातूचे वाटतात, त्यामुळे इथे घाई केल्यास भीती वाढते, माहिती नाही. संशयित कण रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या ताटलीत घ्यावेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक त्यांच्यावरून फिरवावे. जे चिकटले ते लोखंड किंवा पोलाद, म्हणजे कॅम, क्रँक, टायमिंग चेन, ऑइल पंप यांपैकी कशाचे तरी. न चिकटणारे आणि मऊ, चंदेरी पापुद्रे ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे किंवा बेअरिंगचे असू शकतात. तांबूस पापुद्रा दिसला तर अधिक सावध व्हावे, कारण अनेक थरांच्या बेअरिंगमध्ये तांब्याच्या मिश्रधातूचा थर वरच्या करड्या थराखाली असतो. तो बाहेर आला आहे याचा अर्थ वरचा थर त्या जागी संपला आहे. नखाखाली चिरडून काळी पूड होणारा कण कोळशासारखा कार्बन असतो आणि त्याची फारशी चिंता करू नये. मऊ, रबरासारखे धागे गॅस्केटच्या जागी लावलेल्या सीलंटचे असतात. ते निरुपद्रवी वाटतात, परंतु तसेच धागे ऑइल पंपाच्या जाळीवर जमले तर ऑइलचा दाब उतरतो. कठीण प्लॅस्टिकचे तुकडे मिळाले तर टायमिंग चेनच्या मार्गदर्शक पट्ट्या तपासून घ्याव्यात.

किती चमकी सर्वसाधारण मानावी याला आकडा नाही. नव्या किंवा नुकत्याच उघडून बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये बारीक चमक असणे अपेक्षितच असते. जुन्या इंजिनात दोन-चार सुईच्या टोकाएवढे ठिपके मी सोडून देतो. पण बोटांच्या चिमटीत जाणवणारा एकही पापुद्रा सोडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थंडीत ऑइल घट्ट असताना किंवा कागद तुंबल्यावर फिल्टरमधली बगल देणारी झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनाकडे जाते. घड्या एकमेकींवर दबून चपट्या झालेल्या असतील, तर जे कागदावर दिसते त्याहून अधिक काही त्या झडपेतून निसटलेले असण्याची शक्यता धरावी. फाटलेली घडी, निघालेला डिंक किंवा कडक झालेली रबरी झडप (इंजिन बंद असताना ऑइल मागे वाहू न देणारी) हे दोष फिल्टरच्या दर्जाचे आहेत, इंजिनाच्या प्रकृतीचे नाहीत. हे दोन निष्कर्ष एकत्र कालवले जाताना मी पुष्कळदा पाहतो. घड्या मोजून किंवा डब्याचे वजन करून फिल्टर चांगला ठरवणे हा तर निव्वळ छंद आहे.

अहवालाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळते आहे का, कूलंटचा अंश आहे का, ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, आणि आम्ल मारण्याची क्षमता किती उरली आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कागदाच्या घड्यांत नसते. मात्र एकट्या अहवालावर फार भिस्त ठेवू नये. तांब्याचा चढलेला आकडा बेअरिंगचा असेल किंवा नव्या ऑइल कूलरमधून रासायनिक क्रियेने उतरलेल्या तांब्याचा असेल. सिलिकॉन धुळीचे असेल किंवा नुकत्याच लावलेल्या सीलंटचे. सारख्या किलोमीटरनंतर घेतलेले तीन अहवाल शेजारी ठेवले की चढ कुठे आहे ते कळते.

म्हणून इंजिनातून नवा ठोका ऐकू येत असेल, ऑइलचा दिवा लुकलुकून गेला असेल किंवा वापरलेली गाडी नुकतीच घेतली असेल, तर आधी फिल्टर कापावा. त्याला अर्ध्या तासाच्या मेहनतीपलीकडे काही लागत नाही आणि उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळते. ऑइल बदलण्याचे अंतर वाढवायचे असेल किंवा कूलंट विनाकारण कमी होत असेल, तर नमुना पाठवावा. दोन्ही करायचे असतील, तर इंजिन गरम असताना ऑइल सोडावे, पहिली धार वाहू देऊन मधल्या धारेतला नमुना कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यावा आणि मगच फिल्टर सोडवावा. पाहून झालेली कागदाची पट्टी पारदर्शक पिशवीत घालून तिच्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या खेपेला चमकी वाढली की तेवढीच आहे हे आठवणीवरून सांगणे मला तरी कधी जमलेले नाही.